शिंपल्यावरचे शेवाळ आणि खडकावरची जीवसृष्टी

अमरावती-अकोल्याकडील वाचकास समुद्रकिनारा हा दूरचा विषय वाटणे स्वाभाविक आहे. वऱ्हाडास समुद्र नाही. तथापि समुद्राच्या काठावरील एका गोष्टीशी वऱ्हाडी माणसाचा लहानपणापासून परिचय असतो. ती गोष्ट म्हणजे काळा दगड. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हा बाहेर पडला, त्याचे थरांवर थर साचून थिजले आणि त्यातून दख्खनचे पठार घडले. आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर क्षेत्र या पाषाणाने व्यापलेले आहे. चिखलदऱ्याचे कडे आणि रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर लाटांचा मार खाणारे खडप ही याच पाषाणाची दोन रूपे होत.

वऱ्हाडात या दगडाची झीज होऊन माती झाली. कपाशी, ज्वारी आणि तूर यांना आधार देणारी काळी जमीन ती हीच. किनाऱ्यावर मात्र झिजलेला कण लाट वाहून नेते आणि दगड उघडाच राहतो. तेथे मूळ धरावयास माती नाही आणि बीळ करावयास भुसभुशीत जमीन नाही. जगावयाचे असेल तर दगडास चिकटून राहणे हाच मार्ग असतो. दगडावर जागा उरली नाही, तर जीव दुसऱ्या जीवाच्या पाठीवर जागा शोधतात. कालवे आणि शिणाणे यांच्या शिंपांवर वाढणारे समुद्रशेवाळ हे याचे ठळक उदाहरण आहे. या शेवाळामुळे खडकावरील जीवसृष्टीत काय फरक पडतो, आणि त्यापासून समुद्र नसलेल्या जिल्ह्यांतील शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी काय घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जागेची टंचाई

कोकणच्या किनाऱ्यावर दिवसातून साधारणतः दोन वेळा भरती आणि दोन वेळा ओहोटी येते. भरतीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, तेव्हा पाणी सर्वांत वर चढते आणि सर्वांत खाली उतरते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते व पाण्याची चढउतार कमी होते. या दोन सीमांमधला खडक काही तास पाण्याखाली आणि काही तास उन्हात असतो. तेथील प्रत्येक जीवास एकाच दिवसात जलचराचे व भूचराचे असे दोन्ही जीवन जगावे लागते.

या पट्ट्यात जीवांचे थर लागलेले दिसतात. अगदी वरच्या, क्वचितच भिजणाऱ्या खडकावर बारीक शंखगोगलगायी असतात. त्याखाली चुनखडीच्या लहान डोंगरासारखे दिसणारे बार्नेकल आणि खडकास सिमेंटने जोडल्यासारखी कालवे असतात. आणखी खाली, जेथे लाटांचा मारा सतत असतो, तेथे हिरव्या शिंपांची शिणाणी झुपक्यांनी वाढतात. रत्नागिरीकडे यांनाच काकई म्हणतात. सर्वांत खाली, फार थोडा वेळ उघड्या पडणाऱ्या भागात समुद्रशेवाळाचे दाट गालिचे असतात.

हे थर कसे ठरतात, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी प्रयोगाने सोडविला. जोसेफ कॉनेल यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर दोन जातींच्या बार्नेकलांचा अभ्यास केला व तो १९६१ साली प्रसिद्ध झाला. वरच्या थरात राहणारी जात खालीही जगू शकते, परंतु खालच्या थरातील जोमदार जात तिला दाबून, उचकटून जागेवरून हटविते, असे त्यात आढळले. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर रॉबर्ट पेन यांनी खडकाच्या एका भागातून शिंपले खाणारे तारामासे सतत काढून टाकले. तेथील पंधरा जातींपैकी आठच उरल्या आणि शिंपल्यांनी खडक व्यापण्यास सुरुवात केली. १९६६ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत शिकविला जातो.

या प्रयोगाची दुसरी बाजू मात्र कमी सांगितली जाते. पेन यांनी मोजल्या त्या खडकाची जागा धरून बसणाऱ्या जाती होत्या. त्याच किनाऱ्यावरील शिंपल्यांच्या जाड थरात, त्यांच्या फटींत आणि शिंपांवर राहणारे जीव पुढे मोजण्यात आले, तेव्हा तीनशेहून अधिक प्रकारचे जीव आढळले. याचा अर्थ असा, की शिंपला एकीकडे जागा बळकावतो आणि दुसरीकडे नवी जागा निर्माण करतो.

शिंपला हीच जमीन

कालवाची शिंप खडबडीत असते. तिच्या कडा, पापुद्रे आणि खळगे यांत ओल टिकते. समुद्रशेवाळाचे सूक्ष्म बीजाणू पाण्यात तरंगत येतात. गुळगुळीत दगडावर ते वाहून जातात, पण शिंपेच्या खळग्यात स्थिरावतात. प्रथम जीवाणूंचा व डायटमांचा बुळबुळीत थर धरतो आणि त्यावर हिरवे धागे उगवतात. पुढे उल्वासारख्या जातींचे कागदासारखे पातळ हिरवे पापुद्रे पसरतात, आणि योग्य जागी तपकिरी व तांबड्या शेवाळाच्या जातीही येतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आंब्याच्या फांदीवर बांडगूळ वाढते, तसे हे शेवाळ शिंपल्याचे रस शोषून वाढते, असे अनेकांस वाटते. ते खरे नाही. बांडगुळाची मुळे झाडाच्या खोडात शिरतात. मेळघाटच्या जंगलातील वृक्षांवर वाढणारी आमरी मात्र झाडापासून अन्न घेत नाही, तिला हवा असतो तो केवळ आधार. अशा वनस्पतींना अपिवनस्पती म्हणतात. शिंपल्यावरचे बहुतेक शेवाळ या दुसऱ्या प्रकारचे आहे. ते सूर्यप्रकाशावर आपले अन्न स्वतः तयार करते.

तरीही हा संबंध केवळ टेकण्यापुरता नसतो. शिंपला पाणी गाळून त्यातील सूक्ष्म अन्नकण खातो आणि उत्सर्जनावाटे अमोनिया बाहेर टाकतो. हा नायट्रोजन शेवाळास खतासारखा उपयोगी पडतो. गोठ्याशेजारच्या परसात भाजी जोमाने वाढावी, तसे शिंपल्यांच्या वस्तीत शेवाळ जोमाने वाढते. शिंपला जागा देतो आणि खतही देतो. त्याच्या मोबदल्यात त्यास काय मिळते, ते पुढील विवेचनावरून दिसून येईल.

शेवाळाचे उपकार

मार्च-एप्रिलमध्ये दुपारच्या ओहोटीस काळा खडक किती तापतो, हे वऱ्हाडातील वाचकास सांगावयास नको. तापलेल्या दगडावर हात ठेववत नाही. पाण्यात वाढलेल्या जीवास ही कठीण परीक्षा असते. शिंपल्यावर ओल्या शेवाळाचा थर असेल, तर त्याखाली सावली राहते, पाणी हळूहळू सुटते आणि ओल टिकते. बारीक गोगलगायी, लहान खेकडे, उड्या मारणारे कवचधारी कीटकसदृश जीव व नाना प्रकारचे कृमी या ओलीत ओहोटीचे तास काढतात. त्यांतील काही शेवाळावर चरतात, काही शेवाळावरील डायटम खरवडून खातात, आणि काहींना तेथे केवळ लपावयास जागा मिळते. भरती आली की लहान मासे याच जीवांवर पोसतात.

अशा रीतीने खडकाच्या आधारे शिंपला, शिंपल्याच्या आधारे शेवाळ, आणि शेवाळाच्या आधारे कित्येक लहान जीव अशी आधारांची साखळी तयार होते. न्यूझीलंडमधील मॅड्स थॉमसेन व त्यांचे सहकारी यांनी या साखळीचा विशेष अभ्यास केला आहे. जगाच्या निरनिराळ्या भागांतील प्रयोग एकत्र करून त्यांनी २०१८ साली दाखवून दिले, की पहिल्या आधारावर दुसरा आधार उभा राहतो तेव्हा तेथील जीवांची विविधता सामान्यतः वाढते. वडाच्या झाडामुळे पक्षी येतात हे सर्वांस ठाऊक आहे. त्याच वडावर आमरी, नेचे व वेली चढल्या, तर पक्ष्यांच्या जोडीला कीटक, सरडे आणि बेडूकही येतात. त्यातलाच हा प्रकार आहे.

खुद्द शिंपल्यासही क्वचित अनपेक्षित लाभ होतो. काही सूक्ष्म शैवले शिंपेच्या आत शिरून तिला पोखरतात. त्यामुळे शिंप कमकुवत होते, म्हणून ही शैवले शत्रूच समजली जात. परंतु पोखरलेली शिंप पांढुरकी पडते. पोर्तुगालच्या किनाऱ्यावरील निरीक्षणांत, कडक उष्म्याच्या वेळी अशा पांढुरक्या शिंपांतील प्राण्यांचे शरीर काळ्या शिंपांतील प्राण्यांपेक्षा कमी तापले आणि ते अधिक संख्येने वाचले, असे आढळले. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. उन्हाळ्यात घराच्या गच्चीस चुना लावण्यामागे जे तत्त्व आहे, तेच येथे निसर्गात दिसते.

शेवाळाचा भार

परंतु ही एकच बाजू सांगून थांबणे योग्य होणार नाही. बांधावरच्या झाडाची सावली शेतकऱ्यास हवी असते, पण त्या सावलीत पीक खुरटते हेही त्यास ठाऊक असते. शिंपल्यावरच्या शेवाळाचे तसेच आहे.

पहिली हानी लाटांमुळे होते. शिणाणी खडकास रेशमासारख्या चिवट धाग्यांनी बांधलेली असतात. शिंपेवर मोठे शेवाळ वाढले, की लाटेस ओढावयास जणू शीडच मिळते. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर जॉन विटमन यांनी मोठ्या तपकिरी शेवाळाने झाकलेल्या शिंपल्यांचे निरीक्षण केले. अशा शिंपल्यावर पडणारी पाण्याची ओढ स्वच्छ शिंपल्याच्या तुलनेत दुप्पट ते सहापट असते, आणि वादळात असेच शिंपले अधिक उखडले जातात, असे त्यांना आढळले. त्याच ठिकाणी सी-अर्चिन नावाचा काटेरी, चेंडूसारखा प्राणी शिंपल्यांवरील शेवाळ खाऊन टाकीत असे. त्यामुळे शिंपल्यांचा भार हलका होई, आणि सी-अर्चिनास शिंपल्यांच्या वस्तीत आसरा मिळे. कोण कोणाचा मित्र, हे वरवर पाहून ठरत नाही, ते असे.

दुसरी हानी गाळामुळे होते. शेवाळाच्या दाट पडद्याखाली पाण्याचा वेग मंदावतो आणि पाण्यातील गाळ तेथेच बसतो. जर्मनीच्या उत्तर समुद्राकाठी शिंपल्यांच्या काही वस्त्या तपकिरी शेवाळाने झाकलेल्या असतात. तेथे शेवाळाखाली चिखल साचतो, शिंपल्यांची नवी पिले कमी बसतात आणि शिंपांवरील बार्नेकलही कमी होतात, असे १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले.

तिसरी हानी पिढी तुटण्याची आहे. कालवाचे पिलू काही आठवडे पाण्यात तरंगते आणि नंतर एकदाच जागा निवडून कायमचे चिकटते. त्यास स्वच्छ व कठीण पृष्ठभाग लागतो, आणि जुन्या कालवांच्या शिंपा त्यास विशेष पसंत असतात. त्या शिंपा शेवाळाने व गाळाने झाकलेल्या असतील, तर पिलास पाय रोवता येत नाही. मोठी कालवे जिवंत दिसतात, खडप भरलेले दिसते, पण त्यांच्या जागी पुढची पिढी येत नाही.

म्हणून शिंपल्यावरचे शेवाळ चांगले की वाईट, या प्रश्नास एका शब्दात उत्तर देता येत नाही. तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, शिंपला खडकास कसा जोडलेला आहे. सिमेंटने जोडल्यासारखे कालव लाटेस दाद देत नाही, धाग्यांनी बांधलेले शिणाणे सुटू शकते. दुसरी, शेवाळ किती व कोणते आहे. विरळ गालिचा आसरा देतो, दाट थर गुदमरवितो. तिसरी, जागा कोणती आहे. उन्हाने होरपळणाऱ्या वरच्या खडकावर जी सावली प्राण वाचविते, तीच खालच्या शांत व गढूळ पाण्यात चिखल साठविते.

कोकणातील ऋतुचक्र

कोकणात या संबंधास ऋतूंची लय आहे. पावसाळ्यात लाटांचा जोर, नद्यांचे गोडे पाणी आणि गढूळपणा यांमुळे खडपावरील बहुतेक शेवाळ झडून जाते. पॉर्फायरासारखे काही तांबूस शेवाळ मात्र ऐन पावसाळ्यात वरच्या खडकांवर उगवते. पाऊस ओसरल्यावर पाणी निवळते आणि ऑक्टोबरपासून शेवाळाची वाढ सुरू होते. थंडीत ती भरात येते. एप्रिल-मेच्या उन्हात वरच्या भागातील शेवाळ वाळून पांढरे पडते. शेतकऱ्याच्या भाषेत सांगावयाचे, तर खडपावर रब्बीचा हंगाम मोठा असतो.

या लयीमुळे शिंपल्यांवरील भार दरवर्षी उतरतो आणि पुन्हा चढतो. पावसाळ्याच्या माऱ्याने शिंपा स्वच्छ होतात व पिलांस जागा मिळते. निसर्गाने जणू वखरपाळीची सोय करून ठेवली आहे. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ साली स्थापन झाली. तेथील संशोधकांनी गोवा व कोकण किनाऱ्यावरील शेवाळांचा या दृष्टीने दीर्घकाळ अभ्यास केला आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे रत्नागिरी येथे सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र आहे. मालवणच्या समुद्रात १९८७ साली २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे खडक, शिंपले व शेवाळ यांना त्यामुळे कायद्याचे संरक्षण लाभले.

माणसाचा हात

ही लय दोन प्रकारे बिघडते आणि दोन्हींत माणसाचा हात आहे.

पहिला प्रकार तोडणीचा. किनाऱ्यावरील अनेक कुटुंबांतील स्त्रिया ओहोटीस खडपावर जाऊन कालवे काढतात. हा त्यांचा जुना व कष्टाचा व्यवसाय आहे, आणि त्यावर घरातील कालवण व थोडा रोख पैसा अवलंबून असतो. परंपरेने कालव काढताना वरची शिंप उघडून मांस काढून घेतात आणि खालची शिंप खडकालाच राहते. त्या रिकाम्या वाटीत ओल साचते, शेवाळ धरते, बारीक जीव राहतात आणि पुढे नवे कालवही बसते. शिणाणी काढताना मात्र झुपक्याचा झुपका ओरबाडला जातो आणि त्यासोबत त्यावरील सर्व वस्ती जाते. मोठी शिणाणी वेचून लहान तशीच ठेवली, झुपक्याचा काही भाग सोडला आणि एका खडपास एखादा हंगाम विश्रांती दिली, तर वस्ती लवकर भरून येते. या शहाणपणास नवा कायदा लागत नाही, गावाची एकमताची शिस्त पुरते.

दुसरा प्रकार पाण्याचा आहे आणि येथे वऱ्हाडचा संबंध येतो. सांडपाणी व शेतातील खते यांमधून नायट्रोजन व स्फुरद पाण्यात उतरतात, तेव्हा उल्वासारखी झपाट्याने वाढणारी हिरवी शेवाळे इतरांवर मात करतात. शिंपल्यांवर विरळ गालिचाऐवजी दाट थर येतो. वर सांगितलेला लाभ मागे पडतो आणि भार तेवढा उरतो.

अमरावती जिल्ह्याचे पाणी दोन समुद्रांस जाते. सातपुड्यात उगम पावणारी पूर्णा अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून वाहत जाऊन चांगदेव येथे तापीस मिळते, आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्रास मिळते. जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरून वाहणारी वर्धा पुढे वैनगंगेस मिळते. त्या दोघींची प्राणहिता होऊन ती गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. वाटेतील धरणांत बराच गाळ अडतो, हे खरे. तरी शेतातून वाहून जाणारे खत व माती शेताच्या बांधापाशी संपत नाही, एवढे ध्यानी घेतले पाहिजे. कपाशी, सोयाबीन आणि संत्र्याच्या बागा यांना माती परीक्षण करून गरजेपुरतेच खत देणे हे शेतकऱ्याच्या खिशाचे हित आहे, तसेच ते खालच्या अंगाच्या पाण्याचेही हित आहे. या कामी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे मार्गदर्शन उपलब्ध असते.

वऱ्हाडच्या नद्यांतील शिंपले

समुद्रापर्यंत जाण्याचीही गरज नाही. वऱ्हाडच्या नद्यांत गोड्या पाण्यातील शिंपले आहेत. वाळूत किंवा रेतमिश्रित चिखलात ते अर्धे रुतून बसतात आणि मागचे टोक पाण्यात उघडे ठेवून पाणी गाळतात. त्या उघड्या टोकावर हिरवे शेवाळ धरते. रुतलेला भाग स्वच्छ व उघडा भाग हिरवा असा शिंपला हाती आला, तर तो नदीत कसा बसला होता हे त्यावरूनच कळते. डोहातील गोल शंखांच्या गोगलगायींच्या पाठीवरही असेच शेवाळ असते.

वाळूच्या तळास घट्ट पृष्ठभाग नसतो. म्हणून तेथे शिंपल्याचे उघडे टोक हे शेवाळास व जलकीटकांच्या पिलांस मिळालेले एक लहानसे बेटच ठरते. किनाऱ्यावरील खडपाचा नियम येथे अल्प प्रमाणात लागू पडतो. आणखी एक दुवा येथे आहे. या शिंपल्यांची सूक्ष्म पिले काही काळ माशांच्या कल्ल्यांस किंवा परांस चिकटून राहतात व नंतर तळाशी पडून वाढतात. म्हणजे मासे नाहीत तर शिंपले नाहीत, आणि शिंपले नाहीत तर त्यांनी गाळलेले स्वच्छ पाणी व त्यांच्या पाठीवरची वस्तीही नाही.

नदीच्या पात्रातून वाळू उपसली जाते, तेव्हा तिच्यासोबत हे शिंपले जातात. वाळूचा हिशेब ब्रासमध्ये होतो, शिंपल्यांचा हिशेब होत नाही. डोह गाळाने भरला, की उरलेले शिंपले गुदमरतात. पाण्यात खताचा अंश वाढला, की शेवाळाचे दाट पुंजके धरतात आणि पुढे ते कुजून पाण्यातील प्राणवायू घटवितात. काठावरच्या गावास याची जाणीव प्रथम माशांची संख्या कमी झाल्यावर होते. शिंपल्यावर दिसणारे शेवाळ ही सूचना त्यापूर्वीच देत असते.

शाळा व पंचायत यांचे कार्य

माध्यमिक शाळांतील विज्ञान शिक्षकांस येथे एक स्वस्त व सोपा प्रयोग करता येईल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात नदीचे पाणी निवळलेले असते. काठाजवळच्या गुडघ्याएवढ्या पाण्यात दोरीने एक मीटर लांबीरुंदीचा चौकोन आखावा. त्यातील जिवंत शिंपले, रिकाम्या शिंपा आणि त्यांपैकी शेवाळ धरलेल्या किती, हे मोजावे. जिवंत शिंपला निरीक्षणानंतर होता तसाच, त्याच टोकाने वाळूत परत ठेवावा. त्यानंतर वीस रिकाम्या शिंपा घ्याव्यात. दहा ब्रशाने घासून स्वच्छ कराव्यात व दहा तशाच ठेवाव्यात. त्या जाळीच्या दोन पिशव्यांत भरून शेजारी-शेजारी पाण्यात बांधून ठेवाव्यात. महिन्याने उघडून प्रत्येक पिशवीत किती जलकीटक व गोगलगायी आल्या ते मोजावे. समुद्रशास्त्रज्ञ खडपावर जो प्रश्न विचारतात, तोच हा प्रश्न आहे. विद्यार्थ्यांस त्याचे उत्तर स्वतःच्या नदीतून मिळेल. दरवर्षी त्याच जागी, त्याच महिन्यात मोजणी केली, तर पाच वर्षांत गावाकडे स्वतःची अशी नोंद तयार होईल.

दोन पथ्ये पाळावीत. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात वनविभागाच्या परवानगीशिवाय पाण्यातील काहीही उचलू नये. आणि मुलांना पाण्यात नेताना डोहापासून दूर राहावे व बरोबर पोहणारा जाणता माणूस असावा.

पंचायत सदस्यांसाठी मार्ग कायद्यानेच आखून दिला आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोकांच्या सहभागाने लोकजैवविविधता नोंदवही ठेवावी, अशी तरतूद आहे. महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचे कार्यालय नागपूर येथे आहे. या नोंदवहीत झाडे, पिके, पक्षी व जनावरे यांना सहज जागा मिळते, पण नदीच्या तळाशी असलेला शिंपला सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. त्याची नोंद व्हावी. ती करताना केवळ शिंपले आहेत एवढे लिहून थांबू नये. कोणत्या डोहात आहेत, पूर्वीपेक्षा वाढले की घटले, त्यांवर शेवाळ विरळ आहे की दाट, आणि तेथे कोणते मासे येतात, हे भोई व कोळी समाजातील वृद्धांस विचारून लिहावे. नदीशी ज्यांचा नित्य संबंध आला, त्यांचे ज्ञान येथे कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक उपयोगी ठरते. वाळूच्या उपशाचा विषय ग्रामसभेपुढे येईल, त्या दिवशी ही नोंद हाती असली, तर कोणता डोह राखावा याविषयी गावास साधार बोलता येईल.

खडपावरच्या शेवाळाने शास्त्रज्ञांस शिकविले ते इतकेच, की निसर्गात एक जीव काढून घेताना आपण सहसा एकच जीव काढीत नाही. त्याच्या पाठीवर कोण आहे व पाठीखाली कोण आहे, हे आधी पाहावे लागते. कालव काढणाऱ्या कोकणी स्त्रीने खालची शिंप खडकावर राहू दिली, यात ते पाहणे आहे. पूर्णेच्या वा वर्धेच्या काठावरील गावानेही आपल्या नदीचा तळ एकदा तितक्याच बारकाईने पाहावा आणि जे दिसेल ते नोंदवहीत लिहून ठेवावे.